बेळगाव भागात सप्लिमेंटचं दुकान: गिऱ्हाईक, हिशोब, परवाने आणि डब्यामागचं लेबल

सीमाभागात प्रोटीन पावडरच्या डब्याचं गिऱ्हाईक एका साच्यातलं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यामुळे अग्निवीर भरतीची तयारी करणारी पोरं येळ्ळूर, कडोली, उचगावपासून खानापूरपर्यंत गावोगाव आहेत. दुसरे तालमीतले पैलवान, ज्यांचा खुराक अजून दूध-तूप-बदाम-थंडाईवर चालतो, पण वस्ताद आता पावडरबद्दल विचारू लागलेत. तिसरी टिळकवाडी, शहापूर, अनगोळकडची जिमची मंडळी. चौथा गट दुकानदारांच्या लक्षात उशिरा येतो. ही चाळिशीपुढची माणसं. डॉक्टरांनी प्रोटीन, ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम घ्यायला सांगितलं म्हणून येतात. पुन्हापुन्हा येणारं गिऱ्हाईक म्हणाल तर हेच, आणि ते भावात फारशी घासाघीसही करत नाही.

यातल्या प्रत्येकाला वेगळं हवं असतं. तरी नवा दुकानदार पहिल्या महिन्यात चाळीस प्रकारचे डबे मांडतो आणि सहाव्या महिन्यात त्यातले निम्मे एक्स्पायरीच्या दिशेने सरकत असतात. म्हणून परवान्याआधी हिशोब पाहू.

पहिलं काम: ग्रॅमामागे किती रुपये

डब्याची किंमत किलोवर पाहायची नाही, प्रोटीनच्या ग्रॅमावर पाहायची. सूत्र सोपं आहे. एका चमच्यातलं (डब्यात येणारा मापाचा चमचा) प्रोटीन भागिले चमच्याचं वजन, म्हणजे प्रोटीनचं प्रमाण. त्याला डब्याच्या निव्वळ वजनाने गुणलं की डब्यातलं एकूण प्रोटीन मिळतं. किमतीला त्या आकड्याने भागायचं.

समजा, व्हे कॉन्सन्ट्रेटचा (दुधाच्या निवळीपासून केलेल्या प्रोटीनचा) १ किलोचा डबा २,४०० रुपयांना आहे. ३० ग्रॅमच्या चमच्यात २४ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ८० टक्के. डब्यात ८०० ग्रॅम प्रोटीन, ग्रॅमाला ३ रुपये. शेजारी त्याच २,४०० रुपयांना ३ किलोचा मास गेनर, म्हणजे वजन वाढवायची पावडर. तिप्पट माल बघून पोरगं गेनरच उचलतं. पण १०० ग्रॅमला १५ ग्रॅम प्रोटीन असेल तर ३ किलोत ४५० ग्रॅमच, म्हणजे ग्रॅमाला ५ रुपये ३३ पैसे. बाकीचं बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टापासून केलेली, साखरेइतक्याच वेगाने पचणारी पावडर. ज्याला वजन वाढवायचंय त्याला भात, केळी आणि दूध स्वस्तात पडतं.

हेच सूत्र किराण्यालाही लावून ठेवा. सुक्या सोयाबीन वड्यांत १०० ग्रॅमला सुमारे ५२ ग्रॅम प्रोटीन, शेंगदाण्यात २५, तूरडाळीत २२. एका अंड्यात ६ ग्रॅम, लिटरभर दुधात साधारण ३२. सोया वड्या १५० रुपये किलो धरल्या तर ग्रॅमाला तीस पैसेही पडत नाहीत. हा तक्ता मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत छापून काउंटरवर लावा. दुकानदाराने स्वतःच्या मालापेक्षा स्वस्त गोष्ट दाखवायची हे विचित्र वाटेल. पण ज्याला तुम्ही गेनर घेऊ दिला नाही तोच पोरगा चार मित्रांना घेऊन परत येतो. या धंद्यात खरा नफा त्या चौघांत आहे.

गरज मोजायची कशी

बसून काम करणाऱ्या प्रौढाला भारतीय आहारमानाप्रमाणे वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. रोज घाम गाळणाऱ्याला क्रीडा-पोषणातला सर्वमान्य पट्टा १.४ ते २ ग्रॅमचा आहे. म्हणजे भरतीतल्या १,६०० मीटर धावण्याची तयारी करणाऱ्या ६० किलोच्या पोराला ८४ ग्रॅमपासून पुढे.

आता त्याचं ताट बघा. तीन जोंधळ्याच्या भाकरींत साधारण २४ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट आमटीत १३, भातात ७, अर्धा लिटर दुधात १६, दोन अंड्यांत १२, मूठभर (५० ग्रॅम) शेंगदाण्यात १२. बेरीज ८४. म्हणजे घरचं जेवण पूर्ण होत असेल तर पावडर लागतच नाही. अडचण अशी की ते पूर्ण होत नाही. पहाटे धावायला, तिथून कॉलेज, दुपारी वडापाव, आणि अंडी-दूध रविवारपुरतं. तूट २० ते २५ ग्रॅमची निघाली तर एक चमचा, बस. दिवसाला तीन चमचे सांगणारा दुकानदार गिऱ्हाइकाचा महिन्याचा खर्च तिप्पट करतो आणि दुसऱ्या महिन्यात ते गिऱ्हाईक गमावतो.

परवाने, क्रमाने

एक. अन्नसुरक्षा कायदा २००६ खाली एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा राज्य परवाना. दोन्हीचा अर्ज त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर. कोणता लागेल ते वार्षिक उलाढालीवर ठरतं. मर्यादा आणि शुल्क अर्जाच्या दिवशी पोर्टलवरच पाहून घ्या, वर्षभरापूर्वीचा सल्ला ऐकू नका. अर्जात व्यवसायाचा प्रकार ‘किरकोळ विक्रेता’ असाच भरायचा आणि मालाच्या यादीत हेल्थ सप्लिमेंट व न्यूट्रास्युटिकल हा गट निवडायचा. हा गट सुटला तर तपासणीत पहिला प्रश्न तोच येतो.

दोन. महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा व्यापार परवाना, आणि कर्नाटकाच्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली कामगार खात्याकडे नोंदणी.

तीन. पाटी. २०२४ च्या कायद्याप्रमाणे फलकावर ६० टक्के जागा कन्नडला हवी आणि कन्नड मजकूर वरच्या बाजूला. पेंटरकडे जायच्या आधी हे माप ठरवा. मराठी-इंग्रजी खाली बसवताना अक्षरं लहान होतात, म्हणून पाटीच मोठी करा. दोनदा पाटी करून घेण्याचा खर्च वाचतो.

चार. दुकानात दिसेल असा अन्नसुरक्षा फलक, आणि प्रत्येक बिलावर आपला १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक. बिलावरचा क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचा आहे.

आणि एक मोह टाळायचा. ‘मालक, पाव किलो द्या की सुटी’ असं रोज कोणीतरी म्हणणार. डबा फोडून पुड्या बांधणं म्हणजे रिपॅकिंग, त्याचा परवाना वेगळा आणि लेबलची जबाबदारी तुमची. त्यापेक्षा कंपनीने बंद केलेली एका वेळेची पाकिटं आणि अर्ध्या किलोचे पॅक ठेवा. महागात पडतात, पण महिनाअखेरीला तेच खपतात.

जीएसटी आणि मधली सीमा

२२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोटीन पावडर आणि त्यासारख्या खाद्य-पूरकांवरचा दर १८ वरून ५ टक्के झाला. त्याआधी छापलेल्या एमआरपीचा जुना माल कोणी ‘मोठ्या सवलतीत’ देत असेल तर ती सवलत आहे की फक्त कराचा फरक, हे आधी मोजा.

कर्नाटकात फक्त मालविक्री करणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. इथपर्यंत सगळे सांगतात. मात्र बेळगावात बसून धंदा करणाऱ्याला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा: दुसऱ्या राज्यात करपात्र माल पुरवला तर उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर ही आपल्या दृष्टीने शेजारची गावं, कायद्याच्या दृष्टीने परराज्य. व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेऊन बसने एक डबा चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला पाठवला तरी ती आंतरराज्य विक्री. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्याने उलाढालीवर ठोक दराने कर भरायची सोय) असाल तर अशी विक्री करताच येत नाही.

काउंटरवरही एक बारीक मेख आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर जो पत्ता किंवा राज्य लिहाल, तेच पुरवठ्याचं ठिकाण धरलं जातं. चंदगडचं गिऱ्हाईक दुकानात येऊन डबा घेऊन गेलं आणि बिलात तुम्ही हौसेने त्याचा महाराष्ट्रातला पत्ता घातला, तर तिथे आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी, लागतो. पत्ताच नसेल तर ठिकाण तुमचं दुकान. बिलिंग सॉफ्टवेअर बसवताना कर-सल्लागाराला हा एकच प्रश्न नक्की विचारा.

उलट दिशेने अडचण कमी. पुणे-मुंबईच्या वितरकाकडून घेतलं तर आयजीएसटी, हुबळी-बेंगळुरूकडून घेतलं तर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचा केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी); नोंदणी असेल तर क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, दोन्हीचं मिळतं. ५० हजारांवरच्या खेपेला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन काढलेला कागद, हवं. ते नसलेली गाडी सीमेवरच्या कोगनोळीजवळ अडकली तर दंड मालाच्या नफ्याहून मोठा होतो.

माल घेताना

व्हेचा कच्चा माल बहुतांश परदेशातून येतो, म्हणून डॉलर आणि जागतिक दूध-बाजार हलले की इथला भाव हलतो. यामुळेच ‘बाजारापेक्षा ३० टक्के स्वस्त’ हा शब्द ऐकला की थांबायचं. मूळ माल त्या भावात मिळत नाही, तर डबा कसा मिळेल?

वितरकाकडून चार कागद घ्या: ब्रँडने दिलेलं अधिकृत वितरकाचं पत्र, बॅच क्रमांकासह करबिल, त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल, आणि आयात माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता-एफएसएसएआय क्रमांक असलेलं लेबल. तो क्रमांक फॉसकॉसवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. १०० ने सुरू होणारा क्रमांक केंद्रीय परवान्याचा; त्यापुढचे दोन आकडे परवाना दिल्याचं वर्ष सांगतात. पोर्टलवर भलत्याच फर्मचं नाव आलं किंवा परवाना रद्द दिसला तर खेप परत.

मुदत किमान १२ महिने शिल्लक हवी. ‘दहावर तीन फुकट’ योजनेतला माल चार महिन्यांत मुदत संपणारा असतो. ते तीन डबे तुमच्याच कपाटात राहतात.

पहिल्या खेपेला एवढंच पुरे: व्हे कॉन्सन्ट्रेट दोन ब्रँडचं, आयसोलेट (जास्त शुद्ध केलेलं व्हे) एकाचं, साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट (ताकदीच्या व्यायामासाठी घेतात ती पावडर), एक वनस्पतिजन्य प्रोटीन, मल्टीव्हिटॅमिन, ओमेगा-३, आणि शेकर. चवींमध्ये चॉकलेट निम्मं ठेवा, बाकी आंबा-कॉफी वगैरे एकेक. प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची तरतरी आणणारी पावडर) नंतर, विचारणा आली की. यात्रा-जत्रांतल्या कुस्ती मैदानांचा हंगाम दिवाळीनंतर मेपर्यंत, म्हणून मोठी खरेदी ऑक्टोबरात. श्रावण ते गणपती हात आखडता.

लेबल वाचणं

डब्यावर ‘हेल्थ सप्लिमेंट’ किंवा त्या गटाचं नाव आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल युज’ ही ओळ हवीच. रोजच्या मात्रेपेक्षा जास्त घेऊ नका हा इशाराही. हे नसेल तर पुढे वाचायचीच गरज नाही.

मग घटक. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ लिहून एकत्र वजन दिलेला माल ठेवू नका. आत काय किती हे तुम्हालाच माहीत नसेल तर गिऱ्हाइकाला काय सांगणार? व्हेमध्ये ग्लायसिन, टॉरिन किंवा क्रिएटिन घातलेलं दिसलं तर सावध. प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला ठरावीक आकड्याने, साधारणपणे ६.२५ ने, गुणतात. स्वस्त अमिनो आम्लं घातली की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रोटीन फुगतं. पडताळा ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या आकड्यावर: खऱ्या व्हेच्या २४ ग्रॅम प्रोटीनमागे ल्यूसिन अडीच ग्रॅमच्या आसपास असतं. दीड-पावणेदोन दिसलं, किंवा अमिनोचा तक्ताच नसला, तर प्रश्न विचारा.

पीठ मिसळल्याचा संशय असेल तर घरगुती चाचणी आहे. चमचाभर पावडर पाण्यात ढवळून जखमेवर लावायच्या आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर पिष्ट आहे. चॉकलेट चवीवर ही चाचणी फसते, कारण कोकोतही पिष्ट असतं; माल्टोडेक्स्ट्रिनही यात नीट पकडलं जात नाही. ‘फेस आला म्हणजे नकली’, ‘गुठळी झाली म्हणजे असली’ या तर निव्वळ यूट्यूबच्या गप्पा.

स्क्रॅच कोड तपासताना तो आधीच खरवडलेला नाही ना, आणि कोड टाकल्यावर उघडणाऱ्या संकेतस्थळाचं नाव ब्रँडचंच आहे ना, ते बघा. नकली डब्यावरचा क्यूआर नकली साइटवरच नेतो आणि तिथे हिरवी खूणही येते!

काउंटरवर काय विचारायचं

विक्रीआधी चार प्रश्न: वय, मूत्रपिंडाचा-रक्तदाबाचा-साखरेचा त्रास, चालू असलेली औषधं, आणि एखाद्या स्पर्धेत उतरणार का. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय प्रोटीन-क्रिएटिन काहीच द्यायचं नाही.

व्हेने पोट फुगतं ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज राहतं. दुधात कालवलं तर ते आणखी वाढतं. पहिला आठवडा अर्धा चमचा, पाण्यात. तरी त्रास झाला तर आयसोलेट, तेही नाही जमलं तर वाटाण्याचं प्रोटीन.

क्रिएटिन दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, कोणत्याही वेळी, पण रोज. पहिल्या आठवड्यात २० ग्रॅमचं ‘लोडिंग’ गरजेचं नाही, त्याने जुलाब मात्र होऊ शकतात. पैलवानाला एक गोष्ट नक्की सांगा: स्नायूंत पाणी धरल्यामुळे वजन किलो-दोन किलोने वाढू शकतं. वजनगटाच्या कुस्तीआधी पंधरा दिवस डबा हातात दिला तर तो गटातून बाहेर जाईल आणि दोष तुमच्या पावडरला लागेल. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम तपासायचा आकडा) थोडं वर दिसू शकतं. तपासणीआधी डॉक्टरांना क्रिएटिन चालू असल्याचं सांगायला सांगा.

प्री-वर्कआउटच्या चमच्यात बहुधा २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असतं. प्रौढाची दिवसाची सुरक्षित मर्यादा ४०० धरतात, आणि चहा-कॉफीही त्यातच मोजायची. संध्याकाळी सातला घेतलं तर झोप गेली. अठराखालच्याला देऊ नका. त्यातल्या बीटा-अॅलनिन या घटकाने अंगाला मुंग्या येतात, त्या निरुपद्रवी असतात, पण आधी सांगितलं नाही तर पोरगं घाबरून दवाखाना गाठतं.

उन्हात सराव करणाऱ्यांसाठी क्षारपेयं ठेवताना नाव बघा. ऑक्टोबर २०२५ च्या आदेशानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राबाहेरच्या पेयांना ‘ओआरएस’ म्हणून विकता येत नाही. जुना साठा कोणी गळ्यात मारला तर घेऊ नका.

उंची वाढवणाऱ्या पावडरची विचारणा भरतीच्या पोरांकडून हटकून येते. हाडांची वाढणारी टोकं मिटल्यावर उंची कशानेही वाढत नाही. शिवाय उंची वाढवण्याचे दावे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या यादीतच आहेत. असा डबा ठेवायचा नाही, भिंतीवर पोस्टरही नाही.

काउंटरखालचा माल

गोळ्या, इंजेक्शनं, ‘कोर्स’. मेथॅन्डिएनोन, स्टॅनोझोलॉल, क्लेनब्युटेरॉल, धावण्याआधी टोचायचं मेफेंटरमिन. ही औषधं आहेत. तुमच्याकडे औषधविक्रीचा परवाना नाही आणि असला तरी चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. मेफेंटरमिनने रक्तदाब आणि हृदयाचे ठोके एकदम चढतात, धावताना तर ते आणखीच धोक्याचं. जिमच्या ट्रेनरने कमिशनवर हा माल ठेवायला सांगितला तर त्या जिमचं गिऱ्हाईक सोडून द्या.

राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्याला आणखी जपावं लागतं. उत्तेजक चाचणीत ‘डब्यात काय होतं मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही; शरीरात काय सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूचीच. वाडाची (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची) बंदी-यादी दर १ जानेवारीला नव्याने लागू होते. अशा खेळाडूला शक्यतो इन्फॉर्म्ड स्पोर्टसारख्या योजनेत तपासलेला माल द्या, आणि शिक्का बघून थांबू नका. ती तपासणी बॅचनिहाय असते, म्हणून डब्यावरचा बॅच क्रमांक त्यांच्या साइटवर शोधा. सापडला नाही तर तो डबा त्या खेळाडूसाठी नाही. बिलावर बॅच क्रमांक लिहा आणि तळाशी दोन चमचे पावडर ठेवून डबा जपायला सांगा. उद्या वाद झाला तर तपासायला तेवढं तरी राहतं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर इथली हवा ओली. खानापूर-जांबोटीकडे तर भिंतींना पाझर फुटतो. डबे जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून हात सोडून, फळीवर. सील बंद असलं तरी पुठ्ठ्याची खोकी ओल धरतात, म्हणून खोकी फोडून डबे मोकळे लावा. उन्हाळ्यात पत्र्याच्या माळ्यावर व्हे ठेवलं तर चव खवट होते आणि रंग पिवळट पडतो. आधी मुदत संपणारा डबा पुढे, हा नियम; दर महिन्याच्या एक तारखेला वही घेऊन तपासा.

गिऱ्हाइकालाही सांगा: चमचा कोरडा, डबा चुलीपासून लांब, आणि फ्रीजमध्ये नको. फ्रीजमधून काढून उघडला की आत दव धरतं आणि गुठळ्या होतात. साध्या गुठळ्या हाताने मोडतात, पावडर वापरता येते. आंबूस वास किंवा बुरशीचे ठिपके असतील तर टाकून द्यायची.

उघडलेला डबा ‘नकली आहे’ म्हणत कोणी परत आणला तर आवाज चढवू नका. बॅच क्रमांक बिलाशी जुळवा. जुळला तर कंपनीकडे फोटोसह तक्रार त्याच्यासमोरच नोंदवा, आणि हवं तर अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेण्याचा हक्क त्यालाही आहे हे सांगा. जुळला नाही, तर तो डबा तुमच्याकडचा नव्हताच, आणि हे दाखवायला तुमच्या वहीत आकडा आहे.